अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

लहान मुलाच्या हाती पुस्तक दिले, तर ते प्रथम अक्षरांकडे पाहत नाही. ते चित्र शोधते. चित्रातल्या गाईवर बोट ठेवते, तिला आपल्या गोठ्यातल्या गाईचे नाव देते आणि ती कोठे निघाली आहे हे आपल्यालाच सांगू लागते. वाचनाचा खरा आरंभ येथेच होतो. ही साधी गोष्ट ओळखून ज्यांनी आपले आयुष्य बालशिक्षणास वाहिले, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे की नाही याचाच जेथे घरोघर वाद चाले, अशा त्या काळात ताराबाईंना शिक्षणाची वाट मोकळी मिळाली, आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहान कन्येसह त्यांना एकटीच्या बळावर उभे राहावे लागले. एकट्या स्त्रीला समाज त्या वेळी कोणत्या दृष्टीने पाही, हे आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. ताराबाई मात्र खचल्या नाहीत. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी प्राचार्यपद स्वीकारले.

याच सुमारास गिजुभाई बधेका यांच्या कार्याकडे त्यांचे लक्ष वेधले. गिजुभाई मूळचे वकील. पण वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले होते आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले होते. छडी आणि घोकंपट्टी यांस तेथे थारा नव्हता. गोष्ट, गाणे, चित्र, खेळ हीच तेथील शिक्षणाची साधने. १९२३ साली ताराबाई या बालमंदिरात दाखल झाल्या. मानाचे व स्थैर्याचे पद सोडून त्यांनी जमिनीवर मुलांत बसण्याचे काम पत्करले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पालक आणि शिक्षक यांच्यासाठी ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, आणि मुलांसाठी छोटी छोटी पुस्तकेही तयार झाली.

पुढे ताराबाई मुंबईस परतल्या व १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. शिशुविहारास यश आले, परंतु ताराबाईंचे मन स्वस्थ होईना. मादाम माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील गरिबांच्या वस्तीत उघडले होते. आपल्या देशात मात्र त्याच पद्धतीची घडीव, महागडी साधने सुखवस्तू घरांतील मुलांपुरतीच राहू पाहत होती. मजुराच्या मुलाने काय करावे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. गांधीजींच्या विचारांनीही त्यांना खेड्याकडे ओढले. अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालविधवा असूनही जिद्दीने शिकलेल्या अनुताई ताराबाईंच्या कार्याच्या खऱ्या वारसदार ठरल्या.

बोर्डीस पैसा नव्हता, पण समुद्र होता, झाडे होती. मग शंखशिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांचीच साधने झाली. मण्यांऐवजी बिया मोजता येतात, आणि पाने लहानमोठी लावताना नजर तयार होते. ही साधने विकत घ्यावी लागत नाहीत. आणि डब्यात भरून ठेवली, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांसही उपयोगी पडतात.

१९५७ च्या सुमारास हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली पाड्यांत नवीच अडचण उभी राहिली. मुले शाळेत येतच ना. कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, कोणी गुरे राखी. दुसऱ्या कोणी आईबापांस दोष देऊन हात टेकले असते. ताराबाईंनी शाळेचीच जागा बदलली. पाड्यातील घरापुढच्या अंगणात बालवाडी भरू लागली, ती अंगणवाडी. आणि गुराख्यांसाठी कुरणातच वर्ग भरू लागला, ती कुरणशाळा.

आणखी एक अडचण होती, आणि ती आम्हां सीमाभागातील लोकांस विशेष जवळची वाटते. वारली मूल घरी आपली बोली बोले. पुस्तकातील मराठी त्यास परकी. आमच्या बेळगाव-निपाणीकडेही मूल घरी एक भाषा बोलते, बाजारात दुसरी ऐकते, आणि पाठ्यपुस्तकातील तिसरेच वळण पाहून गोंधळते. अशा मुलास मंद म्हणणे हा अन्याय होय. चित्र मात्र कोणत्याच भाषेत परके नसते. चित्रातल्या पक्ष्यास मुलाने घरचे नाव प्रथम सांगावे, आणि मग त्यास पुस्तकातील नाव जोडावे. एकाच्या जागी दोन शब्द मिळाले, तर मुलाचे नुकसान काहीच होत नाही.

ताराबाईंची ही दृष्टी ठेवून आमच्या विद्यार्थ्यांसही काही करता येईल. एक चित्रमय गोष्टीचे पुस्तक घ्यावे. प्रथम अक्षरे झाकून केवळ चित्रांवरून मुलांकडून गोष्ट वदवून घ्यावी. नंतर ती मोठ्याने वाचून दाखवावी. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर गोष्टीतील प्रसंगांची चित्रे काढावी, पत्ते पिसतात तशी ती पिसावी आणि मुलांस क्रमाने लावावयास सांगावे. दुसऱ्या पत्त्यांवर शब्द लिहून चित्राशी जोडी जुळवावी. अक्षर ठळक काढून त्यावर चिंचोके मांडू द्यावे. शेवटी गोष्टीचे नाटक करावे. सारे सामान एका पिशवीत भरून ठेवले, की तीच पिशवी वर्षानुवर्षे कामी येते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. हा शब्द आज गावोगाव ऐकू येतो.

निपाणीच्या परिसरात विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी बसलेले मूल आम्ही पाहतो. उसाच्या फडाकडेला खेळणारे मूलही पाहतो. त्यांनी शाळेत यावे असे आपण म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती आली नाहीत, तर आपण त्यांच्या अंगणापर्यंत जातो काय, हा प्रश्न ताराबाईंचे चरित्र आम्हांस विचारते. येत्या सुटीत आमच्या विद्यार्थ्यांपैकी दहा जणांनी जरी अशी एकेक पिशवी तयार करून आपल्या गल्लीतील अंगणवाडीस नेऊन दिली, तर ताराबाईंचे स्मरण आम्ही खऱ्या अर्थाने केले असे होईल.