विकेट बाळूंच्या, कप्तानी दुसऱ्याची

क्रिकेटचा मोसम कधी सरळ जात नाही. २०२४ च्या आयपीएलमध्ये बंगळूरच्या संघाने पहिल्या ८ पैकी ७ सामने गमावले आणि मग सलग ६ सामने जिंकून शेवटच्या चार संघांत जागा मिळवली. पुढच्याच वर्षी, २७ मे २०२५ रोजी लखनौला, याच संघाला पहिल्या दोन संघांत येण्यासाठी २२८ धावांचा डोंगर चढायचा होता. आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा ठोकून तो चढून दाखवला. त्या दिवशी संघाचे नेतृत्वही त्याच्याकडेच होते. अकोल्याचा अथर्व तायडे रणजी जिंकणाऱ्या विदर्भाकडून खेळला. वऱ्हाडातल्या पोरांना हे सारे तोंडपाठ आहे, आणि त्याचा आम्हालाही आनंद आहे.

पण भीमजयंतीच्या निमित्ताने गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळणाऱ्या आमच्याच पोरांना बाळू पालवणकर कोण, असे विचारून पाहा. बहुतेकांना ते नाव सांगता येणार नाही. ज्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हरत चाललेल्या संघाला शेवटच्या टप्प्यात उभे केले, जो या देशातला पहिला मोठा गोलंदाज होता आणि जन्माने अस्पृश्य होता, त्याचे नाव आम्हाला ठाऊक नसावे, हे कशाचे लक्षण आहे? क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना फार काळ अडगळीत टाकले हे खरेच. परंतु आम्हीही त्यांना फारसे जवळ केले नाही, आणि त्यालाही एक कारण आहे. त्या कारणाकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जात चांभार. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी भागात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात मिळाली. काम होते मैदान झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे आणि जमल्यास सभासदांना चेंडू टाकण्याचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. जे. जी. ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज. बाळू त्याला तासन् तास चेंडू टाकत. डाव्या हाताची ती संथ फिरकी अशी तासूनपुसून तयार झाली. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हातात कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची आणि गोलंदाजी ही नोकराची, अशी ती वाटणी होती. वर्णव्यवस्था पोथीतून उतरून खेळपट्टीवरही कशी येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांशी सामना खेळायचा होता आणि जिंकायचाही होता. बाळूंना घेतल्याशिवाय जिंकता येत नव्हते, आणि घ्यावे तर विटाळाची भीती. यावर सनातनी डोक्याने तोडगा काढला. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा, चहाच्या वेळी मात्र बाळूंनी पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा प्यायचा. जेवणाचे पानही वेगळे. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला तो चेंडू शुद्ध, आणि ज्या कपाला त्यांचा ओठ लागेल तो कप मात्र अशुद्ध! या तर्काला कोणते धर्मशास्त्र आधार देते, ते आम्हाला अजून समजलेले नाही.

१८९६ साली पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तिथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवले. गोऱ्यांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या, त्यांचा डाव १०२ वर आटोपला. हिंदुस्थानभर या विजयाचा गाजावाजा झाला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. एव्हाना मुंबईच्या जिमखान्यात त्यांना इतर खेळाडूंबरोबर बसून जेवता येत होते. सुधारकांच्या वृत्तपत्रांनी याचे मोठे कौतुक केले. आम्ही एवढेच म्हणू की, गोऱ्यांच्या विकेट काढल्यावर जे ताट मिळाले ते बक्षीस होते. हक्क म्हणून ते मिळालेले नव्हते.

आता १९११ चा तो मोसम पाहा. सर्व जातीधर्मांचे खेळाडू असलेला पहिला हिंदी संघ त्या वर्षी इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे १९. त्या उन्हाळ्यात पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता, त्यामुळे महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा मेजवान्यांत अधिक. त्यांनी फारच थोडे सामने खेळले. इकडे संघ हरत होता. जून महिना पराभवातच गेला. अशा संघात एक माणूस रोज सकाळी चेंडू हातात घेत होता आणि दिवसभर टाकत होता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एकाच डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले, तरी संघ हरला.

जुलैच्या मध्यात मात्र वारे फिरले. लेस्टरशायरविरुद्ध संघाला पहिला मोठा विजय मिळाला, आणि त्यातही बाळूंची गोलंदाजी होती. पाठोपाठ सॉमरसेटला एका विकेटने हरवले. तिथे बाळूंचे भाऊ शिवराम यांनी नाबाद शतक काढून सामना खेचून आणला. म्हणजे ज्या दोन काउंटी संघांना हिंदी संघाने हरवले, त्या दोन्ही विजयांवर या अस्पृश्य घराची मोहोर आहे. दौरा संपला तेव्हा एकूण २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव आणि २ अनिर्णित असा हिशेब होता. संघाचा हिशेब असा गरिबीचा, पण बाळूंच्या खात्यावर ११४ विकेट होत्या. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. बाबासाहेब तेव्हा २० वर्षांचे होते आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. त्या काळात अस्पृश्यांच्या पोरांना अभिमानाने सांगता येईल अशी नावे किती होती? बाळूंचे नाव त्यांत पहिल्या रांगेत होते.

इतके झाल्यावर हिंदू संघाची कप्तानी बाळूंकडे यायला काय हरकत होती? अनुभव त्यांचा, विकेट त्यांच्या. कारकिर्दीत पहिल्या दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी, प्रत्येक बळीमागे सरासरी १५ धावा. पण दर वर्षी कप्तान दुसराच. १९१२ पासून मुसलमानांचा संघही आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. संघ कधी वर गेला, कधी खाली आला, पण निवड समितीचे मन काही हलले नाही. चेंडू टाकायला बाळू चालत, क्षेत्ररचना लावायला चालत नसत. ब्राह्मण फलंदाजाला अस्पृश्याने, तू तिकडे उभा राहा, असे सांगायचे, हे समितीला सोसवणारे नव्हते.

१९२० साली याचा स्फोट झाला. कप्तान पै आजारी पडले. त्यांच्या जागी बाळूंना डावलून देवधरांना नेमण्यात आले, आणि बाळूंना संघातूनही वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर पत्रक काढून संघ सोडला. जातीमुळे होणारा अन्याय त्यांनी उघडपणे मांडला. मोठा गदारोळ झाला. पुढच्या सामन्याला पै परतले, बाळूंना उपकप्तान करण्यात आले आणि दोन्ही भाऊ पुन्हा संघात आले. सामना चालू असताना पै मैदानाबाहेर गेले आणि थोडा वेळ का होईना, बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. हे त्या पै यांच्या मोठेपणाचेही लक्षण आहे. ते आम्ही नाकारत नाही.

वाचकांनी येथे नीट लक्ष द्यावे. वीस वर्षे विकेट काढून जे दार उघडले नाही, ते दोघा भावांच्या एका पत्रकाने किलकिले झाले. गुणवत्ता असेल तर माणूस आपोआप वर येतो, आरक्षण कशाला हवे, असा उपदेश आम्हाला रोज केला जातो. त्या उपदेशकांनी बाळूंचे चरित्र वाचावे. गुणवत्ता मैदानावर दिसते, पण कप्तान बंद खोलीत ठरतो. त्या खोलीत आपला माणूस नसेल तर १७९ विकेटही अपुऱ्या पडतात.

तीनच वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षी संघाने गोऱ्यांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. पुढे १९४८ साली विठ्ठलनी माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले. पण खांद्यावर घेणारे हात देवळाचे दार उघडत होते काय? याचे उत्तर आमच्या अमरावतीतच आहे. अंबादेवीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. त्याच वेळी थोरले बंधू बळीराम यांच्या निधनाची बातमी आली. दुःख गिळून बाबासाहेबांनी परिषदेचे काम पूर्ण केले. मुंबईत अस्पृश्य कप्तानाचा जयजयकार, आणि चारच वर्षांनी अमरावतीत अस्पृश्य भक्ताला मज्जाव. हिंदू समाजाने खेळाडू स्वीकारला होता, माणूस स्वीकारला नव्हता.

आता ते अवघड कारण. स्वतः बाळूंनी आपल्या आयुष्यातून हा निष्कर्ष काढला नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला, राजा-मुंजे कराराच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. अस्पृश्यांतल्या दोन जातींत फूट पाडण्यासाठी एका लोकप्रिय खेळाडूचे नाव वापरले गेले, असेच आमचे मत आहे. ज्या समाजाने त्यांना कधी कप्तानी दिली नाही, त्याने बाबासाहेबांना अडवायचे म्हटल्यावर उमेदवारी मात्र तत्परतेने दिली! बाळूंच्या लक्षात हे आले नाही, किंवा त्यांना हिंदू समाजाच्या सुधारण्यावर खरोखर विश्वास होता. काही असो, बाबासाहेब जिंकले हे आमचे भाग्य. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला.

मग बाळूंना आम्ही टाकून द्यायचे काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांचे राजकारण चुकले, ते चुकले असेच म्हणावे. पण मातीच्या भांड्यातला चहा पिऊन पुन्हा चेंडू हातात घेणारा तो माणूस आमचाच आहे. त्याने सोसलेला अपमान आमचा आहे, त्याच्या विकेटही आमच्याच आहेत. जो विरोधात गेला त्याचे कर्तृत्वही पुसायचे, ही रीत मनुवाद्यांची आहे. बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्यांना ती शोभत नाही. शिवाय चांभार, मांग, महार अशा भिंती पाडण्याची भाषा आपण करतो. त्या भिंती पाडायच्या असतील तर एकमेकांचे मोठे लोक आपले मानावे लागतील.

म्हणून आमची अमरावती आणि अकोल्याच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या १४ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या वस्तीत क्रिकेटची स्पर्धा होणार असेल, तर तिच्या एका करंडकाला बाळू पालवणकरांचे नाव द्या. सर्वोत्तम गोलंदाजाच्या हाती तो करंडक देताना पोरांना १९११ चा मोसम सांगा, १९२० चे पत्रक सांगा आणि १९३७ ची निवडणूकही सांगा. त्यातले काहीही लपवू नका. आणि एवढ्यावर थांबू नका. तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत खेळाच्या संघटनांत, निवड समित्यांत, पंचांत आणि प्रशिक्षकांत आपली माणसे किती आहेत, हे विचारायला सुरुवात करा. चेंडू टाकायला आपण पूर्वीही होतो, आजही आहोत. संघ ठरतो त्या खोलीत आपण शिरलो, तरच बाळूंची राहिलेली कप्तानी वसूल होईल.

जयभीम!