संत झेली मार्टिन : सुईदोरा, पाळणा आणि प्रार्थना

दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई व संत झेली मार्टिन ह्या दांपत्याचा सण साजरा करते. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्या पती-पत्नींना एकाच विधीत संतपद बहाल केले. बालयेशूच्या संत तेरेजाचे हे मातापिता. तेरेजाची तसबीर आपल्या अनेक घरांत आहे. तिच्या आईची ओळख मात्र फारच थोड्यांना आहे. म्हणून ह्या लेखात आपण झेली ह्यांच्या जीवनाकडे, आणि त्यातही १८७३ ह्या एका वर्षाकडे पाहू या. ह्या वर्षी त्यांनी कोणताही चमत्कार केला नाही की कोणताही मठ स्थापन केला नाही. त्यांनी घर चालवले, धंदा सांभाळला आणि मुले जगवली.

झेली गेरँ ह्यांचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील एका खेड्यात झाला. वडील पोलीस दलात होते. १८४४ साली हे कुटुंब आलाँसों शहरात राहावयास आले. तरुणपणी झेली ह्यांना रुग्णसेवा करणारी धर्मभगिनी व्हावेसे वाटत होते; परंतु मठप्रमुखांनी त्यांना प्रवेश नाकारला. ८ डिसेंबर १८५१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, आपण लेस विणण्याचे काम हाती घ्यावे अशी प्रेरणा त्यांना झाली. थोरली बहीण मात्र पुढे ल मान्स येथील व्हिजिटेशन मठात धर्मभगिनी झाली.

आलाँसोंची लेस सुईने विणतात. चर्मपत्रावर नक्षी टोचून घ्यायची आणि त्यावर बारीक सुताने टाके घालत जायचे. एक चौरस सेंटिमीटर लेस पूर्ण होण्यास सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने ह्या कलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला आहे. निरनिराळ्या टप्प्यांचे काम निरनिराळ्या स्त्रिया आपापल्या घरी करीत. ते तुकडे जोडण्याचे सर्वांत अवघड काम झेली स्वतः खिडकीजवळ बसून करीत. जोड कोठे आहे ते दिसता कामा नये, ही त्या कामाची कसोटी!

१३ जुलै १८५८ रोजी झेली ह्यांचा विवाह घड्याळजी लुई मार्टिन ह्यांच्याशी झाला. लुई ह्यांचीही मठात जाण्याची इच्छा अपुरी राहिली होती. त्यांना एकूण नऊ अपत्ये झाली. १८७० साली लुई ह्यांनी घड्याळाचे दुकान पुतण्यास विकले आणि पत्नीच्या धंद्यातील हिशेब व प्रवास अंगावर घेतले. घराचा आर्थिक कणा आता झेली ह्यांचा सुईदोरा होता, आणि लुई ह्यांना त्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आजच्या पतीवर्गाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

१८७३ सालाच्या आरंभी ह्या घरात आनंद होता. परंतु त्या आनंदावर भीतीची सावलीही होती. २ जानेवारीच्या रात्री तेरेजाचा जन्म झाला तेव्हा झेली ४१ वर्षांच्या होत्या. आधीच्या आठ अपत्यांपैकी चार त्यांनी मातीआड केली होती. दोन मुलगे वर्षही पुरे करू शकले नव्हते. हेलेन पाच वर्षांची असताना गेली. १८७० साली जन्मलेली मुलगी तर एका दाईच्या निष्काळजीपणामुळे उपासमारीने दगावली होती. त्यामुळे नव्या बाळाच्या प्रत्येक रडण्यासरशी आईच्या काळजाचे पाणी होई.

पहिलीच अडचण उभी राहिली ती बाप्तिस्म्याची. मार्टिन कुटुंबात बाळाचा बाप्तिस्मा विनाविलंब करण्याची रीत होती. परंतु धर्मपित्याची वाट पाहण्यात वेळ गेला. बाप्तिस्म्यावाचून बाळास काही झाले तर, ह्या विचाराने झेली कासावीस झाल्या. अखेर ४ जानेवारी रोजी विधी पार पडला. धर्ममाता होती थोरली बहीण मरी. तिला अजून तेरावे वर्षही लागायचे होते. नव्हे, ते पुरे होण्यास काही आठवडे उरले होते!

पुढे दोन महिन्यांतच बाळाच्या आतड्याचे दुखणे बळावले. मृत भावंडांमध्ये दिसलेली लक्षणे झेली ह्यांना पुन्हा दिसू लागली. मार्च महिन्यातील एका रात्री प्रकृती फारच ढासळली. ताबडतोब अंगावरचे दूध मिळाले तरच आशा आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. झेली ह्यांना स्वतःला ते शक्य नव्हते आणि लुई प्रवासात होते. रोझ तैये ही विश्वासू दाई आठ किलोमीटरांवरील सेमाले गावी राहत होती. पहाट होताच झेली एकट्याच पायी निघाल्या. निर्जन रस्त्यावर दोन पुरुष भेटले तेव्हा त्या भ्याल्या. पण परत फिरल्या नाहीत.

रोझच्या घरीही लहान मूल होते आणि तिला पाठवण्यास तिचा नवरा राजी नव्हता. तरीही ती आली. बाळाकडे पाहून तिने मान हलवली. आपली खेप फुकट गेली असेच तिला वाटले. झेली वरच्या खोलीत गेल्या, संत जोसेफच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकले, बाळाच्या आयुष्यासाठी याचना केली आणि देवाची इच्छा असेल तर त्याला नेण्यासही संमती दिली. खाली येऊन पाहतात तो बाळ दूध पीत होते! दुपारी पुन्हा ते निपचित पडले. श्वासही जाणवेना. पंधरा मिनिटे अशी गेली आणि मग तेरेजाने डोळे उघडून स्मित केले.

ह्या प्रसंगातील क्रम आम्हांला फार बोधप्रद वाटतो. झेली आधी आठ किलोमीटर चालल्या, मग गुडघ्यांवर आल्या. मनुष्याच्या हातून होण्यासारखे सारे करावयाचे आणि उरलेले देवाच्या हाती सोपवावयाचे, हीच त्यांची श्रद्धा होती. प्रार्थनेच्या नावाखाली त्यांनी कष्ट टाळले नाहीत आणि कष्टांच्या नावाखाली प्रार्थनाही टाळली नाही.

बाळ जगावे म्हणून त्याला दूर ठेवणे भाग होते. रोझ तेरेजाला सेमालेला घेऊन गेली. एप्रिल उजाडला तोच ल मान्सच्या मठशाळेतून मरी विषमज्वर घेऊन घरी आली. साथ लागू नये म्हणून पोलीनला शाळेतच ठेवण्यात आले. ईस्टरचा सण ह्या घरात रुग्णशय्येजवळच साजरा झाला. झेली रात्रंदिवस लेकीची शुश्रूषा करीत होत्या. लुई ह्यांनी मे महिन्यात उपाशीपोटी, पायी चालत ब्युत-शोमों ह्या टेकडीची यात्रा केली. मरी बरी झाली. ह्या साऱ्या काळात लेसच्या मागण्या काही थांबल्या नव्हत्या. दिलेल्या मुदतीत माल पोहोचवणे, बायकांना वेळेवर मजुरी देणे, आजारी कामकरणीची विचारपूस करणे हेही चालू होते.

ह्याच घरातील हलक्याफुलक्या गोष्टीही झेली ह्यांच्या पत्रांतून समजतात. त्यांची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. शेतात रोझ तेरेजाला हातगाडीवर गवताच्या भाऱ्यांवर बसवून नेई आणि बाळ उन्हात छान रापले होते. एकदा रोझ तिला आईकडे सोडून मिस्सेला गेली. बाळाने असा आकांत मांडला की तिला निरोप धाडावा लागला. मिस्सा संपल्यावर ये, असा तो निरोप होता. पण बिचारी रोझ अर्धी मिस्सा टाकून धावत आली! झेली ह्यांना हे मुळीच रुचले नाही. थोडे रडल्याने बाळाचे काही बिघडणार नव्हते. आणखी एकदा लेस घेऊन आलेल्या गावाकडच्या बायकांकडे तेरेजा आनंदाने गेली, त्यांचे पापेही घेतले. परंतु शहरी थाटाची एक बाई हात पुढे करताच तिने किंचाळून तोंड लपवले. रोझसारख्या साध्या वेशातील माणसेच तिला आपली वाटत होती. आपले लेकरू आपल्यापेक्षा परक्या बाईला बिलगते, हे शल्य कोणत्या आईला बोचणार नाही? झेली त्यावरही हसल्या.

दिवसाची सुरुवात मात्र ठरलेली असे. पहाटे साडेपाचच्या मिस्सेला पती-पत्नी हजर असत. त्या वेळी कामगार आणि गोरगरीब देवळात येत. रविवारी धंदा बंद म्हणजे बंद.

२ एप्रिल १८७४ रोजी तेरेजा सुदृढ होऊन घरी परतली. झेली ह्यांना पुढे जेमतेम साडेतीन वर्षे लाभली. छातीतील गाठ कर्करोगाची असून शस्त्रक्रिया व्यर्थ असल्याचे १८७६ सालाच्या अखेरीस समजले. जून १८७७ मध्ये तिन्ही थोरल्या मुलींसह त्या लूर्दला जाऊन आल्या. शारीरिक आरोग्य लाभले नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पाचही मुली पुढे धर्मभगिनी झाल्या. त्यांपैकी तेरेजाला १९२५ साली संतपद मिळाले आणि १९२७ साली ती मिशनकार्याची आश्रयदाती घोषित झाली. हे काहीही पाहण्यास आई हयात नव्हती. तिच्या वाट्याला आले ते केवळ पेरण्याचे काम.

प्रिय वाचकहो, वेळच मिळत नाही, ही तक्रार आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. कामावरची घाई, मुलांची आजारपणे, घरातील नित्याची ओढाताण ह्यांत प्रार्थना कोठे बसवायची? झेली ह्यांच्या १८७३ सालात निवांत दिवस आम्हांला तरी आढळत नाही. त्यांनी लेसचे तुकडे जसे जोडले, तसेच काम, घर आणि देऊळही जोडले. जोड दिसू दिला नाही. येत्या १२ जुलैला ह्या दांपत्याचे स्मरण करताना, आपल्या धर्मग्रामातील आजारी बालके आणि त्यांच्या उशाशी जागणारे आईवडील ह्यांच्यासाठी आपण त्यांची मध्यस्थी मागू या.