खाशाबांचे स्नायू आणि ती अर्ध्या तासाची विश्रांती

शिक्षक-पालकहो, स्नायूसंस्था शिकवताना आपण दंडाची आकृती काढतो आणि पुढे जातो. यंदा खाशाबा जाधवांपासून सुरुवात करून बघा.

१५ जानेवारी १९२६ ला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे तालीम घरातूनच. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगाने काही ते धिप्पाड नव्हते. मुलांना इथेच सांगा, जोर-बैठकांनी स्नायूपेशींची संख्या फारशी वाढत नाही, त्या जाड होतात. शिवाय एकाच वेळी जास्त पेशींना हुकूम द्यायला चेतापेशी शिकतात. लहान चणीच्या पैलवानाची ताकद बरीचशी इथे असते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आपली कुस्ती लाल मातीतली, तिथे मात्र गादी. तळपायाची त्वचा, घोटा, गुडघा यांच्याकडून मेंदूला जाणारे संदेशच बदलले, आणि तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्काला नव्याने शिकणं आलं. तरी सहावा क्रमांक आला!

१९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. (शिक्षकांच्या गोष्टी सांगताना हे नाव आपण विसरतो.)

तिथे जपानच्या इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली आणि ते हरले. लगेच रशियाच्या मामेदबेकोवशी लढायला बोलावलं. मध्ये किमान अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण त्यांच्या बाजूने बोलायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. आता धडा आठवा. जोर लावताना स्नायूपेशीतला एटीपी झपाट्याने खर्च होतो. ऑक्सिजन पुरत नाही तेव्हा ग्लुकोज अर्धवट वापरलं जातं, पेशीत आम्लता वाढते, आणि चेतापेशीचा हुकूम पोचूनही स्नायू पुरता आकसत नाही. अर्ध्या तासात हे बरंचसं भरून निघालं असतं. दुसरी कुस्तीही गेली. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

१९५५ पासून ते पोलीस खात्यात होते. १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना एक मिनिट बैठका काढायला लावा नि मोजा. लगेच पुन्हा एक मिनिट. मग दहा मिनिटं बसवून तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा.