पाच पौंड आणि अर्धा इंच

सगळ्यात आधी एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी कॉलेजच्या मासिकाच्या मराठी विभागासाठी लिहितेय हे कळल्यावर माझ्या रूममेटने आधी पोट धरून हसून घेतलं आणि मगच शुद्धलेखन तपासून द्यायचं कबूल केलं. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या!

तर झालं असं, की डिसेंबरातला एक रविवार होता. सबमिशन्स नुकतीच संपली होती. पुण्यात या दिवसांत छान कोरडी थंडी असते, पण त्या दिवशी सकाळपासून अवकाळी पाऊस लागला होता. जोराचा नाही, नुसती चिकट रिपरिप. स्वेटर घालावा की रेनकोट हेच कळेना. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये दोऱ्यांवर ओले कपडे, खोलीत दमट वास आणि टेबलावर थिअरी ऑफ मशीन्सचं पुस्तक. अशा वेळी माणूस कुठेही पळून जायला तयार असतो. आम्ही दोघी कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात पळालो.

पायातले मोजे ओले, केसांतून पाणी निथळतंय, आणि समोर एक अख्खं इवलंसं शहर! छोटे रूळ, छोटे सिग्नल, उड्डाणपूल, आणि त्या सगळ्यातून शहाण्यासारख्या धावणाऱ्या गाड्या. बाहेर पावसाने सगळं शहर उशिरा चालवलं होतं, आत मात्र एकही गाडी लेट नव्हती. मी काचेला नाक लावायचीच बाकी होते.

शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. त्यांनी आम्हाला आपणहून सांगितलं, की त्यांच्या लहानपणी त्यांच्या मामांनी मुंबईहून चावीची एक आगगाडी आणली होती आणि तिच्यावर हॉर्नबी असं नाव होतं. मेकॅनो काढणारा माणूसही तोच, असं ते म्हणाले.

मेकॅनो म्हटल्यावर माझे कान टवकारले. आमच्या घरी तसा पट्ट्या आणि नटबोल्टचा एक सेट होता. तो दादाला वाढदिवसाला मिळाला होता. मला त्या वर्षी भातुकली मिळाली. दुपारी तो खेळायला गेला की मी त्याचा डबा काढायची, क्रेन बांधायची आणि तो यायच्या आत सोडवून ठेवायची. आज मी मेकॅनिकलला आहे त्याचं मूळ त्या डब्यात आहे. आणि तो डबा कोणाच्या डोक्यातून आला हे मला माहीतच नव्हतं! त्या रात्री ओले मोजे पंख्याखाली टाकून मी या माणसाबद्दल वाचत बसले. तीच गोष्ट आता सांगते.

फ्रॅंक हॉर्नबीचा जन्म 15 मे 1863 रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात झाला. घर लाइम स्ट्रीट या मोठ्या रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ. वडील किराणा आणि खाद्यपदार्थांचे व्यापारी. फ्रॅंकने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्या धंद्यात कॅशिअर म्हणून बसला. कॉलेज नाही, डिप्लोमा नाही, अप्रेंटिसशिपसुद्धा नाही. 1887 मध्ये त्याने क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न केले. त्यांना रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी झाली.

1899 मध्ये वडील वारले आणि धंदा बंद पडला. फ्रॅंक तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. घरी बायकामुलं, हातात कसलीही पदवी नाही. तो डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून लागला. म्हणजे विचार करा, ज्याच्या नावाने पुढे जगभर छोट्या आगगाड्या धावल्या, तो माणूस छत्तिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या मटणाचे हिशेब लिहीत होता!

पण संध्याकाळी घरी आला की तो वेगळाच माणूस व्हायचा. त्याला यंत्रांचे वेड होते. मुलांसाठी तो पत्रा कापून पूल, ट्रक, क्रेन असली मॉडेल्स बनवायचा. अडचण एकच होती. प्रत्येक मॉडेलचे भाग वेगळे. क्रेनचा भाग पुलाला लागत नसे आणि पुलाचा ट्रकला. नवीन खेळणं हवं की पुन्हा पहिल्यापासून पत्रा कापा.

इथे त्याच्या आयुष्यातला हिवाळा येतो. नाताळच्या आदल्या दिवशी तो आगगाडीने चालला होता. लांबचा प्रवास, डोक्यात मुलांच्या खेळण्याचा विचार. खिडकीतून त्याला मालधक्क्यावरची एक छोटी क्रेन दिसली. ती आपल्याला बनवता येईल का, असा विचार करता करता त्याला वाटलं, की प्रत्येक वस्तूसाठी वेगळे भाग कशाला? असे थोडे भाग बनवू, की जे कशालाही लागतील. ही गोष्ट पुढे त्याच्याच कंपनीच्या मासिकातून सगळ्यांना कळली. त्यामुळे तिला थोडं तिखटमीठ लागलेलं असू शकतं. पण त्यातून जे बाहेर आलं ते मात्र शंभर टक्के खरं आहे.

काय बाहेर आलं? अर्धा इंच रुंदीची धातूची पट्टी आणि तिच्यावर दर अर्ध्या इंचावर एक होल. बस्स!

वाचायला फारच किरकोळ वाटतं ना? आपल्या भाषेत सांगायचं तर पिच कॉन्स्टंट ठेवला. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. सगळ्या पट्ट्यांचा पिच एकच असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला बोल्टने जोडता येते. आणि खरी गंमत पुढे आहे. ज्या होलमधून बोल्ट जातो त्याच होलमधून शाफ्टही जातो. म्हणजे तेच होल जोडायला पण उपयोगी आणि बेअरिंग म्हणूनही उपयोगी. त्यामुळे नुसते उभे राहणारे सांगाडेच नाहीत, तर चाकं, कप्प्या आणि गिअर लावून फिरणारी यंत्रं बनवता येऊ लागली. मॉडेल मोडलं की भाग पुन्हा मोकळे, पुन्हा नवीन काहीतरी.

मला याचं महत्त्व पटायला एक खास कारण आहे. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये मी केलेला फिटिंगचा जॉब रिजेक्ट झाला होता. दोन होलमधलं अंतर फक्त एक मिलिमीटर चुकलं होतं. एका मिलिमीटरसाठी एवढं काय, असं तेव्हा मनात आलं होतं आणि रात्री रडले पण होते. आता कळतं की त्या एका मिलिमीटरवरच सगळं उभं असतं. हॉर्नबीने सुरुवातीच्या पट्ट्या हाताने कापल्या होत्या. त्याचा पिच चुकला असता तर क्रेन झालीच नसती.

पेटंट घ्यायचं तर पैसे हवेत. ते याच्याकडे नव्हते. मालकाकडून, म्हणजे एलियटकडून, पाच पौंड उसने घेऊन जानेवारी 1901 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. मग खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना विचारून पाहिलं, पण कोणी फारसं लक्ष दिलं नाही. शेवटी एलियटनेच ऑफिसशेजारची रिकामी जागा दिली आणि दोघे भागीदार झाले. खेळण्याचं नाव ठेवलं ‘मेकॅनिक्स मेड ईझी’. डब्यात सोळा प्रकारचे भाग आणि बारा मॉडेल्सची माहिती देणारा कागद. लिव्हरपूलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेल-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली. एका शाळा सोडलेल्या हिशेबनिसाच्या डब्याला एका प्रोफेसरने मान दिला, हे मला फार आवडलं. आपल्या स्टाफने हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा!

1903 मध्ये सुमारे 1500 सेट विकले गेले, पण फायदा काही नाही. पहिला फायदा दिसला तो 1906 मध्ये. म्हणजे पेटंटच्या अर्जानंतर तब्बल पाच वर्षांनी. इतकी वर्षं तो दिवसा हिशेबनीसच होता. 1907 मध्ये माल कमी पडू लागला तेव्हा कुठे त्याने नोकरी सोडली, कर्ज काढून ड्यूक स्ट्रीटवर छोटा कारखाना सुरू केला आणि ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवलं. 1908 मध्ये मेकॅनो लिमिटेड कंपनी झाली. एलियट मात्र यातून बाहेर पडला. ज्याचे पाच पौंड लावले त्याचं नाव कोणालाच आठवत नाही. डब्यांवर तर नाहीच. मला त्याचं थोडं वाईट वाटतं.

1914 मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. 1916 मध्ये मेकॅनो मासिक सुरू झालं. आणि 1920 मध्ये आल्या त्या आजोबांच्या आठवणीतल्या हॉर्नबी गाड्या! त्या आधी इंग्लंडच्या घरांत खेळण्यातली आगगाडी म्हटली की ती बहुतेक जर्मनीहून आलेली असायची. पहिलं महायुद्ध संपल्यावर हॉर्नबीने स्वतःची चावीची गाडी काढली. तीसुद्धा नटबोल्टने जोडलेली, म्हणजे खोलायची आणि परत बांधायची. कल्पना तीच, अर्ध्या इंचाची! 1925 पासून विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. 1933 च्या शेवटी छोट्या धातूच्या मोटारी आल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी टॉईज हे नाव मिळालं.

आणि एम-थ्री वाल्यांनी हे जरूर ऐकावं. 1934 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी चक्क मेकॅनोचे भाग वापरून डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवणारं यंत्र बांधलं. त्याला डिफरन्शियल अॅनालायझर म्हणतात. आपल्याला जे पेपरात जमत नाही ते एका खेळण्याला जमलं!

हॉर्नबी श्रीमंत झाला. मॅगल इथे मोठा बंगला घेतला. 1931 मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून तो खासदार म्हणून निवडून आला आणि 1935 च्या निवडणुकीआधी बाजूला झाला. 21 सप्टेंबर 1936 रोजी हृदयविकार आणि मधुमेहाने त्याचं निधन झालं. कंपनी मुलाकडे, रोलंडकडे गेली. 1964 मध्ये ती विकली गेली आणि 1979 मध्ये बिन्स रोडच्या कारखान्याला कुलूप लागलं. नाव मात्र उरलं. छोट्या आगगाड्यांवर हॉर्नबी ही अक्षरं त्यानंतरही येतच राहिली.

इथपर्यंत वाचून मी भारावून गेले होते. मग मी जुन्या डब्यांची आणि जाहिरातींची चित्रं पाहिली आणि थांबले. सगळीकडे मुलगेच! टाय लावलेले, क्रेनकडे बघून हसणारे मुलगे. मासिक मुलग्यांना उद्देशून, क्लब मुलग्यांचे. आणि बिन्स रोडच्या कारखान्यात हे भाग तयार करून डब्यांत भरणाऱ्या हातांमध्ये बायकांचे हात खूप होते. म्हणजे आम्ही डबा भरायचा आणि त्यांनी उघडायचा?

खरं सांगते, थोडा राग आला. आमच्या वर्गात साठजणांत आम्ही पाच मुली आहोत. लेथवर उभं राहिलं की अजूनही कोणीतरी जमेल ना असं विचारतंच. मला वाटलं, झालं, हा हीरो पण त्यातलाच निघाला.

पण मग मी त्या पहिल्या पेटंटचं नाव परत वाचलं. त्यात बॉइज हा शब्दच नाही. मुलं आणि तरुण यांच्यासाठीच्या खेळण्यांत किंवा शैक्षणिक साधनांत सुधारणा, एवढंच आहे. मुलं, म्हणजे सगळीच. पाच पौंड उसने घेणाऱ्या हिशेबनिसाला त्या कागदावर भेद करावासा वाटला नव्हता. तो नंतर जाहिरातींमध्ये आला. आणि पट्टीला कुठे माहीत असतं तिला कोणाचे हात लागतायत? अर्ध्या इंचाचा पिच दादासाठी जेवढा होता तेवढाच माझ्यासाठी होता. म्हणून तर माझी क्रेन उभी राहायची.

तर मित्रमैत्रिणींनो, केटी लागली, ब्रांच चुकली, उशीर झाला असं वाटेल तेव्हा छत्तीस वर्षांच्या त्या हिशेबनिसाला आठवा. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पैसे नव्हते. होती फक्त एक साधी कल्पना आणि ती पाच वर्षं तोट्यात चालवायची चिकाटी.

त्या दिवशी संग्रहालयातून निघताना पाऊस चालूच होता. आजोबांचा नातू गाड्यांसमोरून हलायला तयार नव्हता. आणि मागच्या बाजूला फ्रॉक घातलेली एक छोटी मुलगी पायांच्या बोटांवर उभी राहून सिग्नल कधी पडतो ते बघत होती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की दादाचा तो डबा घेऊन येणार आहे. आता तो माझ्या कपाटात राहील. चार-पाच बोल्ट हरवलेत, पण तसे अजूनही मिळतील. पिच तोच आहे!