चार हजार मैलांची वाट

रामनवमी जवळ आली की वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवीकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला दूरदूरच्या तांड्यांवरून बंजारा कुटुंबे येतात. कोणी गाडीने, कोणी पायी. पायी येणाऱ्या जथ्याकडे नीट पाहावे. झपझप पुढे गेलेली तरणी पोरे झाडाच्या सावलीत थांबतात. मागून येणारी म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई पोहोचली, दोन घोट पाणी प्याली, की मगच सगळे उठतात. जथ्याचा वेग ठरतो तो सर्वांत मागच्या माणसावरून.

अलीकडे शहरांतल्या तरुणांना डांबरी सडक सोडून डोंगरातल्या पायवाटांनी धावण्याचा छंद लागला आहे. त्याला ते ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. तिथे दगड, चिखल, चढउतार असल्यामुळे नुसत्या वेगाचा उपयोग नसतो. चढावर चालावे लागते, नजर पुढच्या पावलावर ठेवावी लागते. आणि वाटेत कोणी पडलेला दिसला तर आपली धाव सोडून थांबायचे, असा तिथला संकेत आहे. ख्रिस्ती धर्मात धावण्याची उपमा जुनीच आहे. संत पौलाने श्रद्धेच्या जीवनाला शर्यत म्हटले आहे. पण ही शर्यत सपाट मैदानावर एकट्याने जिंकायची, की डोंगरवाटेने सगळ्यांना बरोबर घेऊन पुरी करायची? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर एका बाईने आपल्या पायांनी दिले. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा दंडक असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना कर्जापायी घर सुटले आणि वेताच्या पेटाऱ्यात बसून तिचा पहिला प्रवास सुरू झाला. पुढची कित्येक वर्षे हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडत होते. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर गुजराण करायची आणि पहाटे आईने मुलीला श्लोक पाठ करून घ्यायचे, हीच त्या मुलीची शाळा.

मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये दक्षिणेत आधी वडील आणि दीड महिन्यात आई उपासमारीने गेली. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. भाऊ श्रीनिवास आणि दया आलेले दोन ब्राह्मण असे तिघे जमले. चौथी झाली रमा. उंची कमी, म्हणून तिने खांद्याऐवजी डोक्यावर भार घेतला आणि सुमारे तीन मैल चालली.

त्यानंतर भाऊबहीण दोघेच वाटेला लागले. दक्षिणेपासून थेट काश्मीरपर्यंत, तिथून पूर्वेला, चार हजार मैलांहून अधिक पायपीट! झेलमच्या काठी थंडीने गारठू नये म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले.

पण वाट सपाट व्हायची नव्हती. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. मांडीवर तान्ही मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. पडलेल्या बाईला हात देऊन उभे करणारा धर्म त्यांच्या मनाला भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र नव्या धर्मातही डोळे मिटून चालणे त्यांना जमले नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द अखेरचा मानायला त्यांनी नकार दिला आणि त्यावरून वडीलधाऱ्या भगिनींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

अमेरिकेत निधी उभारून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. इथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, तसे पुण्यात वादळ उठले. मुलींना धर्मांतराकडे ओढले जाते, हा पालकांचा संशय अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही. आणि आपली प्रार्थना दार लावून करणार नाही, हा रमाबाईंचा हट्टही समजण्यासारखा होता. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक मुली घरी नेल्या गेल्या. रमाबाई जवळपास एकट्या उरल्या.

अशा वेळी माणूस एक तर खचतो, नाही तर कडवट होतो. रमाबाईंना वाटेने तिसरे काही शिकवले होते. १८९६-९७ चा दुष्काळ आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या. उपाशी मुलीचे डोळे कसे असतात हे त्यांना कोणी सांगायला नको होते. सुमारे तीनशे मुली त्यांनी परत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवले आणि तिथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार जणी राहत होत्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सारे बायकाच चालवीत. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला शिकत. म्हाताऱ्यांना आणि समाजाने ठपका ठेवलेल्या स्त्रियांनाही स्वतंत्र घरे होती. त्या जथ्यात सर्वांत मागे राहणाऱ्यांना आधी जागा होती.

कानांनी साथ सोडली होती, तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. खेड्यातल्या बाईला समजले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. १९२१ मध्ये मनोरमा, जिच्यावर पुढचा सारा भार टाकायचा होता, तीही गेली. आईने मुलीमागे काम थांबवले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

त्यांचा धर्म आपला असो वा नसो, त्यांच्या चालण्यातून एवढे घेता येते. श्रद्धेचा कस पुढे किती गेलो यावर नव्हे, तर कोणासाठी थांबलो यावर लागतो. केडगावची मुक्ती आजही चालू आहे. आणि मानोऱ्याच्या रस्त्यावर, रामनवमीच्या उन्हात, दरवर्षी कोणी ना कोणी झाडाखाली थांबून मागच्या म्हातारीची वाट पाहत असते.