रुडॉल्फ डिझेल

हंगामांत सास्तूरच्या रस्त्यानें उंसानें भरलेल्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर जातो, तें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याच्या टाकींत जें तेल घालतात त्यास आपण डिझेल म्हणतों. परंतु डिझेल हें मूळचें एका मनुष्याचें आडनांव आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्या मनुष्याचें चरित्र विद्यार्थ्यांस तसेंच पालकांसही बोधप्रद होईल.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस येथें झाला. आईबाप जर्मन होते. बाप चामड्याच्या वस्तू तयार करून विकी. घरची स्थिति बेताचीच होती. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांजमध्यें युद्ध जुंपलें आणि या कुटुंबास पॅरिस सोडून लंडन गांठावें लागलें. तेथें निर्वाह होईना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनींतील ऑग्सबुर्ग गांवीं एका नातलगाकडे धाडण्यांत आलें. हे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरीं राहून मुलानें अभ्यासांत मन घातलें, आणि पुढें शिष्यवृत्ति मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयांत दाखल झाला.

तेथें कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून त्यास समजलें कीं, वाफेच्या यंत्रांत जळणाच्या उष्णतेपैकीं दहांतील नऊ वांटे व्यर्थ जातात. हा अपव्यय त्याच्या मनास डांचूं लागला. विषमज्वरामुळें त्याची अखेरची परीक्षा हुकली. परंतु १८८० सालीं त्यानें ती उत्तम प्रकारें पार पाडली.

१८९२ सालीं त्यानें आपल्या इंजिनाचें पेटंट घेतलें. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबून त्यावर ठिणगी पाडतात. मिश्रण फार दाबलें तर तें अवेळींच पेटतें. डिझेलनें केवळ हवाच अतिशय दाबली. अशी हवा इतकी तापते कीं, तींत तेल सोडतांच तें ठिणगीवांचून पेट घेतें. दाब जितका अधिक, तितका उष्णतेचा मोठा भाग कामीं लागतो. पहिल्याच चाचणींत, १८९३ सालीं, यंत्रावरील मापक फुटून उडाला. तरी त्यानें धीर सोडला नाहीं. १८९७ च्या फेब्रुवारींत प्राध्यापक श्रोटर यांनीं इंजिनाची परीक्षा घेतली, तेव्हां जळणाच्या उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून अधिक भाग कामांत उतरत असल्याचें सिद्ध झालें.

कीर्ति मिळाली, द्रव्यही मिळालें. परंतु पेटंटांचे तंटे, प्रकृतीचा अस्वास्थ्य आणि अविचारानें गुंतविलेला पैसा यांमुळें तो कर्जांत बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं तो बोटीनें इंग्लंडला जात असतां नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं त्याचें प्रेत समुद्रांत आढळलें. त्या वेळीं त्याचें वय ५५ वर्षांचें होतें. हा अपघात कीं आत्मघात, याचा निर्णय आजवर लागला नाहीं. इंजिनांतील उष्णतेचा कणन्‌कण मोजणाऱ्या या पुरुषास घरचा जमाखर्च मात्र साधला नाहीं.

त्याचें इंजिन आरंभीं फार अवजड असल्यामुळें कारखान्यांत व जहाजांवरच चाले. मालमोटारींत तें १९२३-२४ च्या सुमारास आलें, आणि १९३६ सालीं मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें डिझेलची प्रवासी मोटार बाजारांत आणली. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीवरील ऑइल इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचें झालें, तें याच शोधाचें फळ होय.

आतां पालकांनीं विचार करण्याजोगी गोष्ट अशी. एक लिटर डिझेलमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें एक दशांश अधिक उष्णता असते, व इंजिन ती अधिक काटकसरीनें वापरतें. शिवाय तें मंद गतीनें फिरत असतांही जोरानें ओढतें. म्हणून ट्रॉली ओढण्यास तेंच योग्य. परंतु अधिक दाब सोसण्यासाठीं तें अधिक भक्कम करावें लागतें, म्हणून गाडीची किंमत वाढते; दुरुस्तीही बहुधा महाग पडते, आणि धुरांतील काजळी आरोग्यास अपायकारक असते.

समजा, डिझेलच्या गाडीस एक लाख रुपये अधिक पडले, आणि दर किलोमीटरमागें दोन रुपये वांचले. तर ती रक्कम भरून निघण्यास पन्नास हजार किलोमीटर चालावें लागेल. रोज शंभर किलोमीटर माल वाहणाऱ्यास हें दीड वर्षाच्या आंतच साधेल. पण रोज वीस किलोमीटर जाऊन येणाऱ्यास जवळ जवळ सात वर्षें लागतील. त्यानें शेजाऱ्याची गाडी पाहून डिझेलची गाडी घेतली, तर काटकसरीच्या नांवाखालीं तो उधळपट्टीच करील.

मुलांनो, यंत्राचा हिशेब आणि घरचा हिशेब हे दोन्ही गणितच होत. डिझेलनें पहिला जगास शिकविला. दुसरा चुकला म्हणजे काय होतें, तें त्याच्या आयुष्याच्या शेवटावरून आपण ओळखावें.