लोकमान्य आणि अक्षरांचे खिळे

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म रत्नागिरी येथे २३ जुलै १८५६ रोजी झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. संस्कृत व गणित या विषयांची गोडी टिळकांना घरातच लागली. १८६६ साली वडिलांची बदली पुण्यास झाली आणि कोकणातील हा मुलगा पुण्याचा विद्यार्थी बनला. पुढे लोकांनी त्यांना लोकमान्य ही पदवी दिली. त्यांचा करारीपणा आणि कारावास सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या थोर पुरुषाने छापखान्यातील शिशाच्या इवल्याशा खिळ्यांचाही किती बारकाईने विचार केला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. शाळेबाहेरच्या लोकांनाही शहाणे करावे, या हेतूने १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ हे वृत्तपत्र निघाले. त्यासाठी छापखाना घेतला, तेव्हा खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेण्यात या विद्वान मंडळींना कमीपणा वाटला नाही.

त्या काळी मजकूर हाताने जुळवीत. खिळे पेटीच्या लहान लहान कप्प्यांत ठेवलेले असत. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ तयार करी. इंग्रजीची मुळाक्षरे अवघी २६; तेथे कप्प्यांची संख्या आटोक्यात राही. मराठीचे तसे नव्हते. काना अक्षरापुढे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, आणि त्यांत जोडाक्षरांची भर! शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचा हात दूरदूरच्या कप्प्यांकडे धावे. वेळ आणि पैसा दोन्ही खर्च होत. एवढी अक्षरे यंत्राला पेलणे तर फारच कठीण. म्हणून देवनागरी सोडून रोमन लिपी घ्यावी, असे काही विद्वान सुचवू लागले.

टिळकांना हे मान्य नव्हते. १९०५ साली काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत त्यांनी देवनागरीचा पक्ष ठामपणे मांडला. पण नुसत्या अभिमानाने छापखान्याची अडचण दूर होत नाही, हेही ते जाणून होते. १९०४ सालीच त्यांनी ‘केसरी’तून लिपिसुधारणेचा विषय हाती घेतला होता. ग, म, स यांसारख्या अक्षरांचा उभा दंड काढला की अर्धे अक्षर उरते. ते पुढच्या अक्षराला जोडले की ‘ग्य’, ‘म्ह’, ‘स्त’ यांना निराळे खिळे लागत नाहीत. अशा विचाराने खिळ्यांची संख्या कमी करता येते. टिळकांच्या खटपटीने ती १९० वर आली. या खिळ्यांना ‘केसरी टाइप’ असे नाव पडले.

१९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात जावे लागले. तेथेही त्यांची लेखणी थांबली नाही. ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

अक्षरे यंत्रावर बसविण्याचे काम मात्र चालूच राहिले. टिळकांच्या जन्मगावी, रत्नागिरीस, १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर स्थानबद्ध होते. त्यांनीही लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. ‘इ’ऐवजी ‘अि’ लिहावे, असे ते सांगत. पुढे संगणक आला. १९८६ साली भारत सरकारने भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी ठरविली. तीत स्वर डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. संगणकावर ही मांडणी निवडली की इंग्रजी ‘जे’ छापलेली कळ दाबताच पडद्यावर ‘र’ उमटतो. कळ तीच, तिला नेमून दिलेले अक्षर तेवढे बदलते.

यंत्रासाठी आपली लिपी टाकून द्यावयाची नाही आणि लिपीसाठी यंत्रही नाकारावयाचे नाही. दोहोंचा मेळ घालावयाचा. लोकमान्यांच्या खटपटीतून हा धडा आपण घेतला पाहिजे.

स्वाध्याय
१. मराठी मजकूर जुळविण्यास शेकडो खिळे का लागत?
२. खिळ्यांची संख्या कशी कमी करता येते? उदाहरण देऊन सांगा.
३. पुढील शब्दांतील जोडाक्षरे सोडवून लिहा : रत्नागिरी, पुस्तक, म्हणून.